चुडाव्याच्या फिल्मवरचे तीन डाग

"वच्छला, चुडाव्याची फिल्म सापडली!"

बन्सीधर फोटोवाला धापा टाकत दारात उभा होता. बगलेत गंजलेला, चपटा पत्र्याचा डबा. वच्छलाने पीठ तसंच परातीत सोडलं आणि माखलेल्या हातांनीच डबा घेतला.

"कुठं मिळाली, काका?"

"भंगारवाल्याकडं. माणिकराव वारले, पोरांनी अडगळ काढली. निवडणुकीत गावोगाव सिनेमा दाखवायचे ना, ते मशीन निघालं आन् त्याच्यासंगं हा डबा."

म्हणजे फिल्म नामांतराच्या विरोधातले पुढारी माणिकराव यांच्यापर्यंत पोचली होती, हे लोकांचं म्हणणं खरं निघालं. पोचवली कोणी, एवढंच आता उरलं होतं.

या फिल्मचं नाव अख्ख्या मराठवाड्यात झालेलं, आणि गंमत अशी की ती कोणीच पाहिलेली नव्हती. न पाहणारेच जास्त रंगवून सांगत. एकोणऐंशी साली विद्यापीठाच्या नामांतराची गाणी म्हणणारी एक गायन पार्टी होती. मुख्य गायक पेडगावचा मुंजाजी. साथीला दगडाबाई, ढोलकीवर वैजीनाथ, पेटीवर मुंजाजीचा मेव्हणा व्यंकटी. चौघं चार गावचे, चौघंही मोठ्या शेतकऱ्यांकडे सालाने राबणारे. आपल्या गावात ही गाणी म्हणणं म्हणजे विस्तवाशी खेळ. म्हणून ते रेल्वेने चुडाव्याला गेले, तिथे त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं. भर दुपारी चिंचेखाली गायले. बन्सीधरने ते कॅमेऱ्यात घेतलं. मुंबईहून धुऊन आलेलं रीळ त्याने मुंजाजीच्या हवाली केलं आणि मुंजाजीच्या ट्रंकेतून ते नाहीसं झालं.

थोड्याच दिवसांत तिघांची कामं गेली. माणिकरावांचे सोयरे गावोगाव होते, त्यामुळे या तिघांना कोणीच कामाला उभं करेना. वैजीनाथ ऊसतोडीला गेला तो फडातच मेला. ट्रंकेचं कुलूप शाबूत होतं. मग काय, लोकांनी निकाल लावून टाकला. मुंजाजीनेच फिल्म विकली, आणि संशय नको म्हणून स्वतःचंही काम घालवलं!

मुंजाजी वच्छलाचा बाप.

नामविस्तार नुकताच झाला होता. परभणीच्या वस्तीत आनंदीआनंद होता आणि रविवारी समाजमंदिरात फिल्म दाखवायची ठरली. दगडाबाईचा निरोप आला, "फिल्म दावा. पर मुंजाजी आत आला तर मी उठून जाईन."

निरोप वच्छलाला झोंबला. खरा चोर आता सापडला नाही, तर बाप हा कलंक घेऊनच मरणार होता.

संध्याकाळी व्यंकटीमामा आला. माणिकरावांच्या संस्थेत शिपाई होता, नुकताच निवृत्त झालेला. वच्छलाच्या शिक्षणाला त्यानेच हातभार लावलेला.

"मामा, समद्यांची कामं गेली. तुमचं कसं काय वाचलं?"

"मी चिंचेच्या बुंध्याआड बसलो व्हतो ना. फिल्ममधी आलोच न्हाई. नशीब!"

"ट्रंकेची किल्ली कुणाकडं असायची?"

"तुझ्या मायच्या कमरेला. का गं?"

"असंच."

"कशाला उकरायलीस? फिल्म लय जुनी हाय, मशीनमधी तुटंल. लावूच नका."

दुसऱ्या दिवशी बन्सीधरने स्टुडिओची दारं लावून मशीन सुरू केलं. भिंतीवर माणसं गाऊ लागली, पण आवाज नाही. फिल्म मुकी होती. बाप किती तरुण होता! 

एकाएकी बापाच्या चेहऱ्यावर तपकिरी फोड उठला आणि नाहीसा झाला. पुढे दगडाबाईच्या चेहऱ्यावर. मग मागच्या वैजीनाथच्या.

"हे काय, काका?"

"भाजलंय. चालतं मशीन थांबवून तेच चित्र धरून ठेवलं की दिव्याच्या गरमीनं तेवढा तुकडा जळतो."

"आपोआप थांबलं असंल."

"तिन्ही बारीला बरोब्बर तोंडावरच? कुणीतरी मुद्दाम थांबवलंय. निरखून बघायला."

"तुमी?"

बन्सीधरला ते लागलं. "माझ्याकडं तवा मशीनच नव्हतं, पोरी. मी न बघताच डबा दिला तुझ्या बापाला."

"पुन्हा लावा."

या वेळी तिने फक्त पेटीवाल्याकडे पाहिलं. व्यंकटी सगळ्यांच्या पुढे बसला होता. तोंडावर लख्ख ऊन, आणि चेहरा पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वच्छ. 

रविवारी समाजमंदिर खच्चून भरलं. व्यंकटी पहिल्या रांगेत होता. मुंजाजी बाहेर पायरीवर. फिल्म संपली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि वच्छला उभी राहिली.

"तीन चेहऱ्यांवरचे डाग सगळ्यांनी पाहिले. माणिकरावांनी तिथं तिथं मशीन थांबवलं. गाणारे वेगवेगळ्या गावचे, माणिकरावांना त्यांची तोंडं माहीत नव्हती. चेहरा दिसला की थांबायचं आणि विचारायचं, हा कोण, कुठला? शेजारी बसलेला माणूस सांगायचा."

"तुझाच बाप सांगत असंल," दगडाबाई म्हणाली.

"मावशी, दादा शेजारी बसलेले असते तर दादांच्याच चेहऱ्यावर मशीन कशाला थांबवलं असतं?"



"मग कोण?" दगडाबाईने विचारलं, पण आवाज उतरला होता.

"ज्याच्या चेहऱ्यावर डाग नाही तो. मागचा ढोलकीवाला शोधून काढला आणि पुढ्यातला पेटीवाला तेवढा सुटला? मामा, तुम्ही मला बुंध्याआड होतो म्हणालात. फिल्म मशीनमध्ये तुटेल, कोणाला दिसणारच नाही, असं वाटलं तुम्हाला. तुम्ही कोण हे माणिकरावांनी विचारलं नाही, कारण तुम्ही त्यांच्या शेजारीच बसला होता. किल्ली आईकडं होती. कुठली बहीण भावाला किल्ली नाकारेल?"



"शिपायाची नोकरी देतो म्हणले," व्यंकटी खाली बघत पुटपुटला. "मला वाटलं, नुसता दम देतील. वैजीनाथ मरंल असं वाटलं न्हाई."

"केसानं गळा कापलास रं, व्यंकटी!" दगडाबाई ओरडली.

"त्याच पगारातनं तुला शिकवलं, वच्छे."

 मास्तरीण झाल्याचा वच्छलाला केवढा अभिमान होता! तो या माणसाने एका वाक्यात नासवला.

दगडाबाई तरातरा बाहेर गेली. मागोमाग वच्छला. पायरीवर मुंजाजी गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता.

"चल आत, मुंजाजी. आमचं लय चुकलं. फिल्म व्यंकटीनं दिली व्हती."



"व्यंकटी? न्हाई. तो न्हाई. समद्यांनी तोंड फिरवलं, तवा माझ्या दारात तो एकटाच येत व्हता. दर सणाला. जेवल्याबिगर जायचा न्हाई."

"दादा, मामांनी सगळ्यांपुढं कबूल केलंय."

मुंजाजीने लेकीकडे पाहिलं. डोळे भरले नव्हते, नुसते विचारत होते.

"मग तो माझ्याकडं यायचा कशापायी?"

 वच्छला त्याच्याजवळ पायरीवर बसली.