सांत अंतोनचं बाळ

एमिलिया झाडू घेऊन वाडीच्या कपेलीत, त्या छोट्याशा प्रार्थनाघरात, शिरली आणि दारातच थबकली. वेदीवर एक परका तरुण मांडी घालून बसला होता आणि त्याच्या मांडीवर लाकडी सांत अंतोन चक्क पालथा पडला होता!

"उतर! आधी खाली उतर, चोरा!"

"चोर भरदुपारी येतो होय गं?" तो हसला. "मी इनास. वसईचा सुतार. तुझ्याच बाबांनी चावी दिली. सांताच्या पायाला वाळवी लागलीय, बघ ये. सणाला असाच मिरवला असता तर वाटेतच कोसळला असता."

एमिलियाने जवळ जाऊन पाहिलं. वाळवी खरंच होती. तरी तिचं समाधान झालं नाही. पोरीचा स्वभावच संशयी, काय करणार? कोळणीने दिलेले बोंबील ती दोनदा मोजून घ्यायची आणि मग कोळणीलाही मोजायला लावायची.

"माझं नाव नाही विचारलंस?" ती फणकारली.

"एमिलिया. बाबांनी सांगितलं... शिवाय झाडूपासून जपून राहा, असंही सांगितलं."

ती खुदकन हसली आणि लगेच स्वतःवरच चिडली.

ठाण्याला आगगाडी येऊन तीसेक वर्षं झाली होती, पण खाडीकाठच्या वाड्यांतले ख्रिस्ती लोक अजून वसईला होडीनेच ये-जा करत, त्या दिवसांतली ही गोष्ट. तेरा जूनला सांत अंतोनचा सण. त्याआधी नऊ संध्याकाळी वाडी कपेलीत जमे, प्रार्थना म्हणे. हरवलेली वस्तू शोधून देणारा संत तो! एकदा माणसं ऐकेनात म्हणून त्याने माशांना उपदेश केला आणि माशांनी म्हणे पाण्याबाहेर डोकी काढून तो ऐकला. वाडीतली मंडळी हे असं सांगत की जणू आपल्याच खाडीत घडलं. सणाला गोरगरिबांना पाव वाटायचे, घरोघर मैद्याचे गोल फुगे तळायचे, ताडी घालून सांदणं उकडायची. एमिलियाचे बाबा लिओनार्ड बावीस वर्षं कपेलीची चावी कमरेला लावून होते, आणि त्या चावीचा त्यांना केवढा अभिमान!

इनास रोज काम करी, एमिलिया रोज झाडायला येई. झाडण्यासारखं काही नसलं तरी येई.

"कालच झाडलंस ना?" तो विचारी.

"तू भुसा पाडतोस म्हणून."

"मग उद्या जास्त पाडतो."

असं बोलून तो मान खाली घालून रंधा मारू लागे... आणि हिचे कान तापत. उकाड्याने, असं ती स्वतःला सांगे.

आणि सण चार दिवसांवर आलेला असताना सांताच्या हातावरचं बाळ नाहीसं झालं! बोटाएवढा हस्तिदंती बाळ येशू. पोर्तुगीजांच्या काळापासून सांताच्या डाव्या हातावर बसलेला. संध्याकाळच्या प्रार्थनेला सगळ्यांनी पाहिलं तर हात रिकामा. जो सगळ्यांचं हरवलेलं शोधून देतो, त्याचंच बाळ हरवलं!

वाडीतल्या जाणत्यांनी लिओनार्डना सांगून टाकलं, "सणाच्या सकाळपर्यंत बाळ आलं नाही तर चावी दुसऱ्याकडे द्यावी लागेल." बाबा त्या रात्री जेवलेही नाहीत. एमिलियाचा जीव तिळतिळ तुटला.

कपेलीत दिवसभर असतं कोण? तो सुतारच. पण त्याचं ते हसणं... छे! हसण्यावर गेलं तर जगात चोरच उरणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिने सरळ विचारलं. "बाळ कुठाय?"

इनासचा हात थांबला. "मला विचारतेस?"

"तुलाच."

"मी घेतलं नाही."

"मग कुणी घेतलं, ते ठाऊक आहे?"

तो गप्प राहिला. वर बघेना. खोटं बोलणारा माणूस असाच गप्प होतो, एमिलियाला पक्कं ठाऊक होतं.

बारा तारखेला दुपारी इनास विहिरीवर गेलेला पाहून तिने त्याची हत्यारांची पेटी उघडली. किकरं, पटाशा, करवत... आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेलं अर्धवट कोरलेलं लाकडी बाळ! अगदी तेवढंच, तेच गोल डोकं, तोच उचललेला हात. म्हणजे खरं विकायचं आणि नकली बसवायचं होय! आणि मेल्या, मी तुझ्यासाठी रोज झाडत बसले!

संध्याकाळी प्रार्थना संपली तशी तिने सगळ्यांसमोर ते लाकडी बाळ धरलं. "हे सुताराच्या पेटीत सापडलं. विचारा त्याला!"

एकच गलका झाला. इनास उभा राहिला. त्याने बायकांच्या रांगेकडे एकदा पाहिलं, मग एमिलियाकडे.

"हे मी कोरलंय. खरं बाळ मी घेतलेलं नाही. याउपर मला काही सांगायचं नाही."

सकाळच्या होडीने सुताराने चालतं व्हायचं, असं ठरलं. एमिलिया जिंकली होती. मग घरी जाताना ती दोनदा मागे वळून का पाहत होती, देव जाणे.

घरी येऊन ती सांदणांचे तांदूळ भिजवायला बसली. बाबांची थोरली बहीण सुझाना, आई गेल्यापासून एमिलियाला वाढवणारी तिची आते, चुलीशी नेहमीची बडबड सोडून गप्प बसली होती. एमिलियाने तांदळाच्या रांजणात खोल हात घातला. बोटांना काहीतरी थंड, गुळगुळीत लागलं.

तिने हात बाहेर काढला. मुठीत हस्तिदंती बाळ!

"आते!"

आते रडायलाच लागली. "तुझ्यासाठीच गं केलं! माझी आजी सांगायची, घरात लग्नाची पोर असली की सांताचं बाळ पळवायचं. पोरीचा नवरा ठरला की परत द्यायचं. तोवर सांत स्वतः धावपळ करतो. एकविसावं लागलं तुला, एकही स्थळ तुझ्या पसंतीस उतरत नाही... मला वाटलं दोन दिवसांत जमेल. मग चावीचं निघालं आणि माझी जीभच उचलेना."

"आणि तो इनास? तो चोर ठरला, आते! मी ठरवलं त्याला!"

"जा, देऊन ये," आते डोळे पुसत म्हणाली. "मी भावापुढे कबूल करते. होईल ते होईल."

एमिलिया धावत सुटली. पदराच्या गाठीत बाळ.

इनास कपेलीच्या पायरीवर हत्यारं भरत होता. तिने गाठ सोडून बाळ पुढे धरलं. त्याला जराही नवल वाटलं नाही.

"तुला... तुला ठाऊक होतं?"

"मी वेदीच्या मागे वाकून खिळे वेचत होतो. आते आली, रडली, बाळ काढून चोळीत घातलं."

"मग बोलला का नाहीस? आता सगळी वाडी तुला चोर म्हणतेय! मी... मी पेटी उघडली तुझी!"

"ते लाकडी बाळ तुझ्या बाबांसाठी होतं. सकाळी हात रिकामा दिसू नये म्हणून."

एमिलियाला हुंदका आवरेना. पण स्वभाव कुठे जातो? डोळे पुसता पुसता तिने पुन्हा संशयाने पाहिलं. "खरं सांग. फक्त आतेची दया आली म्हणून गप्प बसलास?"

"नाही." आता त्याचेच कान लाल झाले. "आतेने सांताला नुसता नवरा नव्हता मागितला... नाव घेऊन मागितला होता. म्हणाली, तो वसईचा सुतार हिच्याकडे बघतो, तोच दे. बोललो असतो तर तिचा नवस मोडला असता. आणि तो मोडावा असं मला वाटेना."

एमिलियाने त्याचा चेहरा दोनदा निरखला. खोटं कुठेच सापडेना.

"मी भांडखोर आहे," ती पुटपुटली. "बोंबीलसुद्धा दोनदा मोजते."

"ऐकलंय."

"तुझ्या पेट्या पुन्हा उघडीन."

"कुलूप लावत नाही मी."

तिने बाळ त्याच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची बोटं आपल्या बोटांनी मिटली.

"जा," ती म्हणाली, "सांताच्या हातात दे. माझा नवरा ठरल्याशिवाय आतेला ते परत द्यायचं नव्हतं... सांग तिला, दिलं म्हणून."