अकरा मेची फट

ऑगस्टमधला रविवार होता. दुपारी दोनला आमचं अख्खं महदिया गाव दारं लावून झोपलेलं. मी बंदराच्या कचेरीत गेलो ते साध्या कामाला... वेब सर्व्हरच्या पॅकेजमधली एक फट बुजवायची आणि घरी येऊन कलिंगड खायचं.

काम असं असतं. सर्व्हरचा प्रोग्रॅम लिहितात दुसरेच. आम्ही काही हौशी लोक तो आमच्या युनिक्सच्या जातीच्या, फुकट मिळणाऱ्या सिस्टिमवर बसवतो. त्याला कोठडीत कोंडूनच चालवतो, म्हणजे चोर शिरला तरी फार पुढे जाऊ नये. फट सापडली की बुजवतो, आपली सही करतो आणि जगभर पाठवतो. आमच्या बंदराचं हवामानाचं पान त्याच्यावरच चालतं. कोळी सकाळी फोनवर ते पाहूनच होडी सोडतात.

हे पॅकेज माझ्याकडे यायला हवं होतं. कचेरीतल्याच दोर्साफला यातलं सगळं मी शिकवलं होतं. पण चार वर्षांपूर्वी आमच्या हौशी मंडळींनी निवडलं तिला. तेव्हापासून प्रत्येक आवृत्तीखाली तिचं नाव वाचलं की माझा जळफळाट व्हायचा. ती वाईट असती तर निभावलं असतं. ती माझ्याहून चांगली होती.

अकरा मेला ती माझ्या टेबलाशी आली. "नौफेल, आज नवी आवृत्ती काढतेय. एकदा नजर टाक ना. तुझ्या डोळ्यांतून काही सुटत नाही."

मी पाहिलं. पाचव्या मिनिटाला फट दिसली. बाहेरचा कुणीही आत येऊन पानं बदलू शकला असता.

"ठीक आहे," मी म्हणालो. "काढ."

जगासमोर एकदा तिचं नाक कापलं जावं, एवढंच मनात होतं. खरंच एवढंच.

अठरा दिवसांनी कुणीतरी त्या फटीतून शिरलं. चोरलं काहीच नाही, नुसता धुडगूस घातला, आणि हवामानाचं पान आदल्या दिवसावरच अडकून राहिलं... समुद्र शांत, वारा मंद. त्या रविवारी, पानावर भरवसा ठेवून, दोर्साफ भावाच्या होडीतून गेली आणि वादळात सापडली. भावाचं प्रेत तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागलं. ती मिळालीच नाही. तिच्या सहीची किल्ली एका छोट्या यूएसबी काडीत असायची आणि ती काडी तिच्या गळ्यात; त्या किल्लीशिवाय तिची सही कुणालाच करता येत नाही.

मग पॅकेज माझ्याकडे आलं. चोर कुठून शिरला ते कुणालाच उमगलं नव्हतं. मी मात्र दोन महिने हात लावायला धजलो नाही.

तर त्या दुपारी मी यंत्र सुरू केलं. खिडकीतून वाळत घातलेल्या ऑक्टोपसचा उग्र वास येत होता. बाहेर वाळवंटाकडून येणारा शहीलीचा गरम वारा. मी फटीची ओळ शोधली आणि थांबलो. ती आधीच बुजवलेली होती, तासाभरापूर्वी. सही तपासली. दोर्साफची.

खोटी असेल म्हणून पुन्हा तपासली. चार वेळा.

आणि सांगू? अंगावर काटा यायच्या आधी मला मत्सर वाटला. फक्त तीन ओळी होत्या. मला तीस लागल्या असत्या.

बदलांच्या यादीत खाली लिहिलं होतं : "फट बंद केली. शोधणारा : नौफेल. सापडली : ११ मे. त्याचे आभार."

फोन वाजला तसा मी दचकलो. आमचे साहेब, सी मुन्सेफ, म्हणजे मुन्सेफराव. "मबरूक, अभिनंदन रे! यादीत नाव झळकलं तुझं! परदेशातनं पत्रं येतायत. झोपलास की काय, बोल की!"

आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते हे. मी फोन ठेवून दिला.

तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली. दोर्साफचे वडील, आम्म हशमी, म्हणजे हशमीकाका. वाचता येत नाही त्यांना. नातवानं फोनवर वाचून दाखवलं होतं. ते दारातच उभे राहिले.

"पोरा... मे महिन्यातच सापडलं होतं तुला?"

"हो, आम्म."

"अकराला?"

"हो..."

"आणि ती गेली एकोणतीसला." त्यांनी काठी दोन्ही हातांनी धरली. "तिला सांगितलं होतंस ना?"

मी म्हणालो, "सांगितलं होतं. तीच विसरली असेल."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "विसरायची नाही रे ती," एवढंच हळू आवाजात म्हणाले आणि एकेक पायरी चाचपत उतरले.

ते गेल्यावर मी ती तारीख पुसली, माझी सही करून यादी पुन्हा पाठवली. पान पुन्हा उघडलं. तारीख जागच्या जागी होती. तिच्याखाली एक नवी नोंद आली होती, सही तिचीच.

"नवी फट. शोधणारा : नौफेल. सापडली : गुरुवार."

त्या दिवशी रविवार होता, सांगितलं ना. आज बुधवार, म्हणजे उद्याच तो गुरुवार. मी यंत्राच्या वाटेला गेलेलो नाही, जाणारही नाही म्हणतो... पण मघाशी सी मुन्सेफचा फोन आला. नोंदीत आणखी एक ओळ आलीये म्हणे, अर्धवट. "कळवली :" एवढंच लिहिलंय आणि पुढे जागा कोरी आहे. ते विचारत होते, "हे तू पुरं करणार आहेस ना?"