कट्ट्यातली दुसरी साक्षीदार

देवबागात त्या आठवड्यात बांगडा इतका लागला होता की मांजरंसुद्धा तोंड फिरवत होती. भाई तोडणकर चाळीस वर्षं होडी हाकणारे तांडेल होते, आता निवृत्त. पण पहाटे किनाऱ्यावर गेल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. टोपली घेऊन ते घरी आले तेव्हा त्यांची लेक गौरजा घावन काढत होती. पहिलं घावन तव्याला चिकटलं.

"जहाज किनाऱ्याक लावतंस आणि घावन तव्यावरसून काढूक येना नाय?" भाई म्हणाले. दोघंही पोट धरून हसली.

गौरजा नौदलात लेफ्टनंट होती. जहाजाचा मार्ग आखणं हे तिचं काम. जे नकाशावर अंश-कलांत दाखवता येतं तेच खरं, असा तिचा स्वभाव. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की ती उठून भांडी घासायला जायची.

त्या दिवशी अकरा वाजता तिची साक्ष होती. आठ महिन्यांपूर्वी तळावरच्या सामानाच्या खोलीत तिच्या वरच्या अधिकाऱ्यानं, एका कमांडरनं, दार लावून तिला भिंतीशी अडवलं होतं. त्याच्या हाताला झटका देऊन, दार ढकलून ती बाहेर पडली आणि त्याच संध्याकाळी तिनं लेखी तक्रार दिली. त्याचं म्हणणं एवढंच होतं की जहाजावरच्या नेमणुकीच्या यादीतून नाव कापलं म्हणून ही सूड घेते. साक्षीदार कोणी नव्हता.

भाईंना तिनं हे चारच दिवसांपूर्वी सांगितलं होतं, समुद्राकडे बघत. ते बराच वेळ जाळं विणत राहिले. मग म्हणाले, "तुका कित्याक लाज? ती तेका वाटांदे." त्यानंतर त्यांनी तिच्या पानात बांगड्याचा सगळ्यात मोठा तुकडा वाढला, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा तिला जेवण चवीचं लागलं.

चौकशी समितीनं तिची साक्ष व्हिडिओवर घ्यायचं ठरवलं होतं. देवबागच्या घरी नेट धड नाही, म्हणून ती आतल्या बाजूच्या कट्टा गावाला निघाली. तिथं एसटी थांब्याजवळ तिच्या मावसबहिणीचं, सारिकाचं, फॉर्म भरायचं आणि झेरॉक्सचं दुकान होतं. पांढऱ्या गणवेशात गौरजा स्कूटर चालवत होती, मागे भाई. ज्यांनी उधाणात होडी सोडली नाही, ते वळणावळणावर तिचा खांदा घट्ट धरत होते.

सारिकानं दुकानामागची खोली झाडून ठेवली होती. एक दार, गज असलेली एक खिडकी, एक टेबल, एक खुर्ची. साक्ष देणाऱ्याशिवाय आत कोणी असू नये असा नियम. गौरजानं लॅपटॉप चारही बाजूंना फिरवून समितीला खोली दाखवली. अध्यक्षबाईंनी मान डोलावली. सारिका आणि भाई बाहेर बाकावर बसले.

गौरजानं सगळं सांगितलं. वेळ, जागा, दार कुठल्या बाजूला उघडतं ते. तिचा आवाज एकदाही कापला नाही, याचं तिलाच बरं वाटलं.

कमांडर त्याच्या कार्यालयातून पडद्यावर होता. दाढी गुळगुळीत, आवाज शांत.

"खोलीत आम्ही दोघंच होतो," तो म्हणाला. "तिसरं कोणी होतं का? त्यांनाच विचारा."

त्याच सुमारास गौरजाला वास आला. ओल्या दोरखंडाचा, खारा. बंदरावर सकाळी येतो तसा. समुद्र इथून पाच कोस लांब. भाईंच्या कपड्यांचा असेल, असं तिनं ठरवलं आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"थांबा," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्या गौरजाकडे बघत नव्हत्या. तिच्या किंचित डावीकडे बघत होत्या. "दोघी एकदम नको. आधी यांना बोलू द्या."

गौरजानं डावीकडे पाहिलं. भिंत. भिंतीवर सारिकाचं कॅलेंडर.

पडद्यावरचे सगळे त्या भिंतीकडे बघत होते.

ऐकत होते.

गौरजाला फक्त पंख्याची घरघर ऐकू येत होती. लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं घड्याळ अकरा छत्तीसवरून अकरा चाळीसवर गेलं. समितीतला एकजण भराभर लिहीत होता. अध्यक्षबाईंनी दोनदा मान हलवली, एकदा चष्मा काढून डोळे पुसले.

कमांडरच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"ही," तो म्हणाला. "ही तर..."

त्याची चौकट काळी झाली.

अध्यक्षबाईंनी आता गौरजाकडे पाहिलं. "त्या दिवशी तुमची नावाची पट्टी हरवली होती?"

"हो," गौरजा म्हणाली. "तक्रारीत मी ते लिहिलं नव्हतं."

"तुम्ही गेल्यावर त्यांनी ती जमिनीवरून उचलून खिशात टाकली, असं या सांगतात. आज ती त्यांच्या टेबलाच्या डाव्या खणात आहे. आम्ही माणसं पाठवली आहेत."

गौरजा उठली तेव्हा डावीकडच्या फरशीवर तळहाताएवढं पाणी साचलेलं होतं. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

बाहेर सारिका कोकम सरबताचे ग्लास घेऊन उभी होती. चार ग्लास.

"तुझ्यावांगडा होती ती खंय गेली गो? आताच भायर पडली. केस भिजलेले. माका बघून हसली."

"कोण?"

"तुझ्यासारखीच, पांढऱ्या कपड्यातली."

गौरजानं भाईंकडे पाहिलं. त्यांनी तिची पाठ तेवढी पाहिली होती. "चालणा दर्यावरच्या माणसाचा," ते हळूच म्हणाले. "जमीन हलता तसा चालत होती."

कमांडरच्या खणात तीन पट्ट्या सापडल्या. एक गौरजाची. दुसरी अनुजा नावाच्या एका ज्युनिअर मुलीची, जी वर्षभर गप्प होती. ते कळताच तिनंही तक्रार दिली. तिसरीवरची अक्षरं खाऱ्या पाण्यानं खाल्लेली होती.

अठराव्या दिवशी निकाल आला. कमांडरला कामावरून दूर केलं होतं, पुढची कारवाई सुरू होती. दुसऱ्या कागदावर गौरजाची नेमणूक होती: युद्धनौका, नौकानयन अधिकारी. कापलेलं नाव पुन्हा यादीत आलं होतं, सगळ्यात वर. भाईंनी कागद तीनदा वाचला, चौथ्यांदा शेजाऱ्यांना वाचून दाखवला. संध्याकाळी अंगणात पंगत बसली. सारिका कट्ट्याहून गुळाचं खाजं घेऊन आली. बायकांनी गौरजाला मधे घेऊन फुगडी घातली आणि भाईंना कोणीतरी ओढलं तेव्हा तेही फिरले, धोतर सावरत. रडले ते नंतर, माडाआड.

निकालासोबत साक्षींची प्रत होती. गौरजानं ती नकाशा वाचावा तशी वाचली. उपस्थित, कट्टा: दोन. पहिल्या साक्षीदारापुढे तिचं नाव होतं. दुसरीच्या नावाच्या जागी शाई फुटली होती. त्याखाली सामानाच्या खोलीचं वर्णन होतं. गौरजा निघून गेल्यानंतरच्या सात मिनिटांचं. पंखा कोणी बंद केला, कमांडर स्वतःशी काय पुटपुटला, सगळं. खोलीचा तपशील तिनं दोनदा तपासला, चूक सापडेना. मग कागद घडी करून ठेवला आणि जहाजावर न्यायचे लाडू बांधायला बसली. आश्चर्य म्हणजे तिला भीती वाटली नाही. कुणीतरी शेजारी बसल्यासारखं वाटत होतं.

निघायच्या दिवशी सकाळी फोन आला. अनुजा होती. वर्ध्याची मुलगी, तिनं सुट्टी घेतली होती आणि दहा वाजता तिला घरूनच साक्ष द्यायची होती.

"घाबरली आहेस का?" गौरजानं विचारलं.

"रात्रभर घाबरले होते. आता नाही." अनुजाच्या आवाजात हसू होतं. "थँक्यू मॅडम. तुम्ही पाठवलेल्या मॅडम पोचल्या. पार भिजून आल्यात, मी टॉवेल दिला."

गौरजानं कोणालाच पाठवलं नव्हतं. वर्ध्यात आठवडाभर कडक ऊन होतं.

"फार गोड आहेत," अनुजा म्हणाली. "फक्त त्यांची भाषा मला नीट कळत नाही. मी दार लावायला गेले तर हात धरून काहीतरी म्हणाल्या. तुमच्याकडचंच असेल. काय अर्थ होतो, सांगाल?"

"काय म्हणाल्या?"

अनुजानं आठवून, एकेक शब्द जपून उच्चारला.

"दार लावू नको गो. मागसून आणखी येतत."