पुढचं कॅरिअर

नाव :

(मापाच्या कागदावर ही जागा त्याने रिकामी सोडली होती. तिच्याकडे नंतर येऊ.)

चाकूरच्या अलीकडे माझी चेन तिसऱ्यांदा उतरली, तेव्हा समोरून येणारा एक सायकलवाला थांबला. चेन चढवली, हात स्वतःच्याच पायमोज्यांना पुसले... आणि सायकलीऐवजी माझ्याकडे बघत म्हणाला, "चेनचं काय घेऊन बसला मॅडम, सायकलच तुमच्या मापाची न्हाई."

"भावाची हाय."

"तेच म्हणून राहिलो. भावाच्या मापाची हाय."

नांदेड ते लातूर, आयुष्यातलं पहिलं लांब अंतर. माझे गुडघे ठणकत होते आणि हा हसत होता. रेवणसिद्ध त्याचं नाव, लातुरात सायकलचं दुकान. मी म्हणाले, मी लुंबिनी. डिसेंबरात सायकलवर कन्याकुमारीला जायचं माझ्या डोक्यात आहे, हे घरात कुणालाही सांगायच्या आधी मी त्याला सांगून टाकलं.

पायाची आतली उंची : ७४

पुढच्या रविवारी बसने लातूरला गेले. त्याने मला अनवाणी भिंतीला टेकून उभं केलं. सुट्या भागांचा जाडजूड कॅटलॉग हातात दिला, पायांमध्ये वर घट्ट धरायला सांगितलं, आणि स्वतः रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

"झालं की सांगा. मी बघून न्हाई राहिलो."

"मग रेघ कोण मारणार?"

त्याने न वळताच पेन्सिल मागे माझ्याकडे केली. रेघ मीच मारली. मग त्याला भिंतीशी उभं केलं आणि त्याचीही मारली. माझ्या रेघेच्या नऊ सेंटिमीटर वर.

"लई अंतर हाय," मी म्हणाले.

"सीट खालीवर करता येती की."

हाताची लांबी : ५६

मुठीत पेन्सिल, खांद्यावर टेप. छप्पन्न. त्याने परत मोजलं. छप्पन्न. तिसऱ्यांदा...

"बदलतंय का?"

"बघून राहिलो."

खांदे :

(लिहायचे राहून गेले.)

एक सायकल बांधायला पाच रविवार लागत नाहीत. हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून कुणी बोललं नाही. एक रविवार फ्रेमला गेला. स्टीलची घे, तो म्हणाला, जड असती, पण मोडली तर कुठल्याही गावातला वेल्डर जोडून देतो. एक गिअरला. घाटात उतरून ढकलायची नसेल तर पुढे पेडलपाशी तीन दातेरी चकत्या हव्यात. कधीतरी मॅडम गळून पडलं आणि तुम्हीचं तू झालं. तिसऱ्या रविवारी माझ्या निळ्या फ्रेमशेजारी दुसरी टांगलेली दिसली. काळी, उंच. डिसेंबरात तोही येणार होता.

मग ओझं वाटून घेतलं. कपडे आपापले. तंबू आणि स्टोव्ह त्याच्याकडे, म्हणून पुढचं कॅरिअर त्याच्या सायकलला. माझ्या सायकलला फक्त मागचं.

"तंबू एकच?"

तो ब्रेकची वायर कापत होता. "दोन घेतले तर वजन होईल," म्हणाला. कान लाल झाले होते.

जाता जाता मी कागदाकडे बोट केलं. नाव लिहिलं नाहीस.

"तुझं नाव मला लिहून ठेवावं लागतं व्हय?"

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी नांदेडपर्यंत हसत होते.

पाचव्या रविवारी सायकल तयार होती. दुकानात त्याची आई, पार्वतम्मा, ताट घेऊन उभी. उदगीरकडची, बोलण्यात मधेच कन्नड. ताटात हळद, कुंकू, नारळ.

"बा, बा. ये गं वर्षा. किती ऐकलंय तुझं याच्याकडून."

मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

लुंबिनी म्हटलं की आमच्याकडे जात वेगळी विचारावी लागत नाही. वर्षा कुणाचीही असू शकते. हे त्याने कधी ठरवलं असेल? पहिल्या रविवारी? की चाकूरहून घरी जातानाच?

"नारळ तूच फोड, वर्षा," पार्वतम्मा म्हणाली. खरोखर प्रेमाने म्हणाली.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो सीटचा नट आवळत होता. नट आवळलेलाच होता. मी थांबले... बाहेरून एक रिक्षा गेली... त्याने पाना फिरवला, परत लावला, परत फिरवला —

"काकू, माझं नाव लुंबिनी. लुंबिनी गजभारे."

कुंकवाचं बोट हँडलपाशी आलं होतं, तिथेच थांबलं. तिने ते पदराला पुसलं. आवाज चढवला नाही.

"गिऱ्हाईकाचं नाव नीट विचारून घ्यावं, रेवण."

"हाव," तो म्हणाला. "चुकलंच माझं."

पार्वतम्मा ताट काउंटरवर ठेवून आत गेली. मला वाटलं होतं, मी रडेन. पण माझं लक्ष त्या उंच, काळ्या सायकलकडे गेलं.

"तुझ्या सायकलचं पुढचं कॅरिअर काढ."

"लुंबिनी..."

"माझ्या सायकलला लाव. तंबू मी नेणार आहे."

"ऐक तर. मी सांगणार होतो आईला. डिसेंबरच्या आधी —"

"गिऱ्हाईक सांगून राहिलंय."

चार बोल्ट. प्रत्येक बोल्ट पहिल्याच फटक्यात जागच्या जागी बसला. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.

तो तंबू आणायला आत गेला, तेव्हा मी मापाचा कागद घेतला आणि पेनने लिहिलं.

नाव : लुंबिनी गजभारे

कागद नारळाशेजारी ताटात ठेवून दिला. भिंतीवरच्या दोन्ही रेघा तशाच होत्या.

लातूरबाहेर पडेपर्यंत हँडल पुढच्या वजनाने ओढत होतं. मग हाताला सवय झाली. पहिल्या दिवशी कुठे दुखलं तर फोन कर, तो मागच्या रविवारी म्हणाला होता, परत ये, नीट करून देतो. चाकूरजवळ, जिथे माझी चेन उतरली होती तिथे, पुढच्या पिशवीत फोन वाजायला लागला. वाजला, थांबला, परत वाजला.

मी गुडघ्यांकडे लक्ष दिलं. मग मनगटांकडे, पाठीकडे. कुठेच काही नव्हतं. एका सेंटिमीटरनेही तो चुकला नव्हता. चुकला असता, तर परत जायला कारण तरी मिळालं असतं.