जाड कडेचं वर्तुळ

पाण्याचे पंप बनवणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे खोडरबर म्हणत. हे नाव ठेवणारी तिची थोरली बहीणच. दोघी एकाच दालनात कामाला. ताई गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं लिही आणि धाकटी कामाचे आराखडे काढी: काम कुठून निघतं, कुणाकुणाकडे जातं, कुठं संपतं. त्या आराखड्यांत चिन्हांचं नुसतं रान माजलं होतं. एकाच अर्थाची चिन्हं हुडकून जादाची उडवायचं काम साहेबांनी तिच्या गळ्यात मारलं होतं.

ती हौसेनं उडवत सुटली. शेवटी उरली दोन वर्तुळं. बारीक कडेचं म्हणजे या वाटेवरचं काम संपलं. जाड कडेचं म्हणजे सगळंच संपलं. इतर वाटांवर कुणाचं अर्धवट असेल तर तेही तिथंच बंद.

"शेवट तो शेवट! त्यात बारीक काय अन् जाड काय?" असं म्हणत तिनं बारीक उडवलं आणि सगळीकडे जाड बसवलं.

दुपारी बिलांच्या कारकुनानं शेवटच्या बिलावर शिक्का मारला. "झालं बुवा एकदाचं!"

त्याच वेळी पलीकडे भांडाराचा गप्पिष्ट ताईला किस्सा सांगत होता. "आणि मग तो मला म्हणतो कसा..."

पुढं आवाजच नाही. धाकटीनं मान वर केली. खुर्ची रिकामी, चहाच्या कपातून वाफ निघतेय.

"ताई, हा कुठं गेला गं?"

"कोण?" ताईच्या ओठांवर हसू होतं, पण आपण कशाला हसतोय हे तिचं तिलाच सांगता येईना. शिपाई आला आणि खुर्ची उचलून घेऊन गेला. "जादाची आहे," एवढंच म्हणाला.

धाकटीचं डोकं चालेना. आपल्यालाच भास झाला म्हणावं, तर कप समोर होता. थोड्या वेळानं टपालवाल्या बाईंनी शेवटचं पाकीट चिकटवलं, हुश्श केलं, आणि बेरीज करता करता हिशेबनीस नाहीसा झाला.

मग मात्र तिला जाड वर्तुळ आठवलं. तिनं आराखडा उघडून बारीक वर्तुळ परत काढलं. तिच्या डोळ्यांदेखत त्याची कड हळूहळू जाड होत गेली. पुन्हा काढलं. पुन्हा तेच. ती साहेबांकडे धावली.

"दोन्हींचा अर्थ एकच, असं तूच सांगितलंस ना?" साहेब म्हणाले. "मग आता काय भूत लागलं?"

ताई शेवटच्या पत्रावर वाकली होती. आजूबाजूला सगळे आवरायला लागले होते. कुणाचंही काम कुठल्याही क्षणी संपलं असतं. धाकटीनं ताईच्या हातातला पेन ओढला.

"चल, आत्ताच्या आत्ता."

"अगं, एक ओळ राहिलीय फक्त! वेड लागलंय का तुला?"

"लागलं समज. ऊठ!"

तिनं ताईला जवळजवळ फरफटत जिन्यावरून खाली आणलं. फाटक, रस्ता, कोपरा. संध्याकाळचं ऊन, माणसांची वर्दळ. कंपनी मागं पडली तसा तिचा जीव भांड्यात पडला. तिला एकदम रडूच कोसळलं. ताईचा हात तिनं घट्ट धरून ठेवला होता.

"रडूबाई," ताई म्हणाली, "उद्या ती ओळ तूच लिही आता. आणि साहेबांना सांग की..."

फोन वाजला. घरून आई होती. धाकटीनं एका हातानं डोळे पुसले, मग त्याच हातानं फोन कानाला लावला.

"निघालीस का गं?" आईचा आवाज मोकळा होता. "माझा स्वयंपाक झाला."

धाकटीची मूठ आपोआप मिटली. आत काही नव्हतं.

तळवा अजून गरम होता.

"आई..."

"ये लवकर. तुझं आणि माझं ताट वाढते."