मुकुट मागे ठेवून गेलेली माझू

समुद्राची देवी माझू आईच्या जन्मदिवशीच तिची मूर्ती देवळातून नाहीशी झाली, आणि चोराने तिचा सोन्याचा मुकुट मात्र तिथेच ठेवला. थिएनसूची मती इथेच गुंग झाली.

थिएनसू म्हणजे पोलिसांतून निवृत्त झालेला, खाण्यात तरबेज असा गडी. तैवानातल्या तैनान शहरच्या खाजगी गुप्तहेर पेकहाबाईंबरोबर तो वर्षानुवर्षं हिंडत होता, पण चोराला त्यांच्याआधी एकदाही ओळखू शकला नव्हता. आज ओळखायचाच, असा पण करून तो त्यांच्यासोबत पेंगहू बेटांवरच्या सुआबे गावी बोटीतून उतरला. धुकं इतकं, की स्वतःचे बूट दिसेनात. धक्क्यावर कोळ्यांच्या तोंडी एकच विषय होता. सगळ्या बोटी परतल्या होत्या, काओशुंग बंदराची एक तेवढी राहिली होती. तिच्यावर सगळी पोरंसोरं, आणि वायरलेसही गप्प.

देवळाचे अध्यक्ष ताय साहेब सिमेंटचे व्यापारी. बोलणं त्यांच्या मालासारखंच घट्ट. कुलूप शाबूत होतं आणि किल्ल्या दोनच होत्या, एक त्यांच्या घरी खुंटीला, दुसरी पुजारीण ग्वातइंग आजीच्या कमरेला. साहेबांच्या मते सगळं उघड होतं. आज पालखीआधी शिलालेखाचं अनावरण व्हायचं होतं. राजदरबाराने ‘स्वर्गसम्राज्ञी’ या पदवीसकट मूर्ती धाडली, असा देवळाचा इतिहास त्यांनी त्यावर कोरून घेतला होता. आजी मात्र जन्मभर सांगत आली होती, दरबार-बिरबार काही नाही, आई आपल्या पूर्वजांच्या जहाजावरून आली. त्यावरून दोघांचं हाडवैर होतं.

“पालखीच्या वेळेपर्यंत मूर्ती मिळाली नाही, तर म्हातारीला पोलिसांत देणार,” ते म्हणाले. आजीला देवळामागच्या खोलीखेरीज जगात दुसरी जागा नव्हती.

गाभाऱ्यात रिकाम्या आसनावर मुकुट होता आणि शेजारी जरीचं वस्त्र, सुरेख घडी घातलेलं. पेकहाबाई वाकून धूपपात्राकडे बघत राहिल्या. अंगाऱ्यात ओंजळभर खळगा पडला होता.

“आजी, कुणी नेलं आईला?” त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या ग्वातइंग आजीला विचारलं.

आजीने घडीवरून हात फिरवला. “नेईल कोण? हाक आली असेल, गेली. नुसतं ‘माझू’ म्हणून हाक मारा, केस मोकळे टाकून आहे तशी धावत येते. ‘स्वर्गसम्राज्ञी’ म्हणालात, की मुकुट घालायचा, वस्त्रं नेसायची. तोवर माणूस तळाला.” एवढं बोलून ती समईत तेल घालायला वळली.

थिएनसूचा संशय होता कोहवर. हा जुन्या वस्तूंचा दलाल मूर्तीसाठी वर्षभर साहेबांच्या मागे लागला होता. खाणावळीत गाठल्यावर तो खो खो हसला. मूर्ती आपल्याला हवीच होती, हे त्याने कबूल केलं. “पण मी चोरली असती, तर सोनं तिथे ठेवून आलो असतो का हो? माझं डोकं फिरलंय का?”

दुपारी ताय साहेबांकडे जेवण होतं. त्यांची बायको सूहून, अबोल बाई, वाफाळता मासा घेऊन आली. स्वयंपाकघराची समुद्राकडची खिडकी धुक्यात सताड उघडी. गारव्याने थिएनसूला सटासट शिंका आल्या, पण मासा झकास होता. वरची बाजू फस्त करून खालची खायला त्याने मासा उलटायला घेतला, तोच सूहूनबाईंनी त्याचं मनगट गच्च पकडलं.

“उलटू नका!”

“अगं, हे काय?” ताय साहेब ओशाळून हसले. “मासा उलटला की होडी उलटते म्हणे. कोळ्यांचं खूळ. मी रोज उलटतो, कधी बोलली नाही. आपल्या घरातलं कोण समुद्रावर आहे? मुलगा काओशुंगला कॉलेजात.”

थिएनसूने हात मागे घेतला. पेकहाबाईंनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या आणि ग्वातइंग आजीला बोलावून घ्यायला सांगितलं. आजी आली तेव्हा बाहेर पालखीचे ढोल वाजू लागले होते.

“पैशासाठी चोरी करणारा मुकुट ठेवील का? म्हणून कोह सुटला,” पेकहाबाई म्हणाल्या. “घाई होती म्हणावं, तर वस्त्राची घडी कशी घातली? म्हणजे मुकुट राहिला नाही, उतरवून ठेवला. आणि अंगारा का नेला? तो बरोबर नसेल तर नुसतं लाकूड जातं, देवी मागेच राहते. थिएनदादा, हा चोरच नव्हे. ही आईला मारलेली हाक आहे.”

“मग आजीनेच मारली असेल,” ताय साहेब म्हणाले.

“आजी तर दिवसभर आईपुढेच बसलेली असते. तिला मूर्ती उचलून न्यायची काय गरज? आईला न्यावं लागलं ते समुद्र दिसेल अशा जागी, आणि नेलं ते खुंटीवरची किल्ली हाताशी असलेल्या माणसाने. रोज मासा उलटताना गप्प बसणारं हे माणूस आज घाबरलं, कारण त्याचं कुणीतरी आता समुद्रावर आहे. आणि एकच बोट परतायची राहिलीय.” त्या वळल्या. “सूहूनबाई, खिडकीपाशी ते फडक्याखाली काय आहे?”

सूहूनबाईंनी स्वतःच फडकं काढलं. मिठाच्या रांजणावर हातभर उंचीची, धुराने काळी झालेली माझू बसली होती. समुद्राकडे तोंड, पुढ्यात वाटीभर अंगारा.

“आपला मुलगा, बेंगही, कॉलेजात नाही हो. तो त्याच बोटीवर जातो,” त्या रडत म्हणाल्या. “तुम्ही घराबाहेर काढाल म्हणून बोलले नाही. तुम्ही आईला सम्राज्ञी करून ठेवलंत. तिला सजायला वेळ लागला असता.”

मग त्या आजीच्या पायाशी बसल्या. आजीने त्यांचं डोकं कुशीत घेतलं. “घडी बघूनच ओळखलं होतं गं. लहानपणी तुला मीच शिकवलेली. लेकराला हाक मारणाऱ्या बाईचं नाव मी कशाला सांगू?”

थिएनसूने डोळे पुसले आणि मूर्ती उचलली. तळाला खुंटी बसेल असं आरपार भोक होतं, कडा खाऱ्या पाण्याने खाल्लेल्या.

“डोलत्या जहाजावर मूर्ती पडू नये म्हणून,” पेकहाबाई म्हणाल्या. “दरबारातल्या देवीला खुंटी कशाला लागेल, ताय साहेब?”

साहेबांचं शिलालेखाकडे लक्षच नव्हतं. मूर्ती छातीशी धरून ते अनवाणीच धक्क्याकडे निघाले. पालखी वाजतगाजत मागे राहिली. अख्ख्या गावादेखत हा सिमेंटवाला धुक्यात तोंड करून “माझू! माझू!” असा घसा फुटेस्तोवर ओरडला, आणि कुणीही हसलं नाही.

इंजिन बंद पडलेली ती बोट संध्याकाळी दुसऱ्या बोटीच्या दोराला बांधून आली. रात्री ताय साहेबांच्या घरी मासाच होता. वरची बाजू संपल्यावर त्यांनी काटा अलगद उचलून बाजूला काढला आणि खालचा सगळा भाग पोराच्या वाडग्यात वाढला.