दुसऱ्या टोकाची फुली

आज दुपारी मारीन मला म्हणाली, "परतीच्या खुणा पुढच्या आठवड्यात करू की, फिर्मां. पाय गेले कामातून." मी मनात म्हटलं, रात्री जेवणं झाल्यावर बघू. तर आता ती खिडकी लावून घ्या, अक्रोड फोडा, आणि मध्ये बोलू नका. हे काही मी कुठे ऐकलेलं सांगत नाहीये. रेमाँ दलपेश माझा पंचवीस वर्षांपासूनचा मित्र.

तुम्ही तिघं या कामात नवीन आहात म्हणून एकदा सांगतो. पायवाटेवर जाणाऱ्याला दिसते ती खूण येणाऱ्याला दिसत नाही, ती झाडाच्या पाठीमागे राहते. म्हणून आपण जाताना एका बाजूच्या खुणा रंगवतो आणि येताना दुसऱ्या बाजूच्या. पिवळा पट्टा म्हणजे या. पिवळी फुली म्हणजे इकडे पाऊल टाकू नका. पट्टा एखादा राहिला तर माणूस चुकतो, शिव्या देतो, परत फिरतो. फुलीचं तसं नाही. ती बंद वाटेच्या दोन्ही टोकांना लागते म्हणजे लागतेच.

रेमाँ पोस्टमन होता. उंच, खांदे रुंद. निवृत्त झाल्यावर रविवारची फेरी तोच न्यायचा. तीन बुरुजांच्या पुलापासून निघायचं, जुन्या काओर शहराच्या गल्ल्यांतून फिरायचं, टेकडीवरून लाबास्तीद गावाला जायचं आणि नदीकाठच्या कड्याखालच्या वाटेनं परत यायचं. पन्नास-साठ माणसं त्याच्या पाठीकडे बघत चालायची. याचा त्याला अभिमान होता, आणि का नसावा?

खुणांच्या कामात त्याची जोडीदार सोलांज. शाळेत शिकवायची. तो तारेच्या ब्रशनं खोडावरचं शेवाळ खरवडणार, ती रंगवणार. तिची रेघ सरळ, याची वाकडी. ती म्हणायची, "तू आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाटलीस, रेमाँ, स्वतः एक ओळ सरळ लिहिली नाहीस." तो हसायचा. बावीस वर्षं दोघांनी मिळून ही वाट सांभाळली.

२०२२ च्या ऑक्टोबरात कड्याचा एक तुकडा सुटला आणि खालची वाट दहा पावलं नदीत गेली. सोलांज तेव्हा बहिणीकडे गेली होती, म्हणून फुल्या लावायला रेमाँ एकटाच गेला. शहराच्या टोकाला लावली. लाबास्तीदच्या टोकाला जायचं तर टेकडी चढून दोन तास. त्याचा गुडघा दुखत होता, पावसाची भुरभुर चालू होती. तो घरी गेला. संध्याकाळी मला फोन केला आणि म्हणाला, दोन्ही लावल्या.

तिसऱ्या दिवशी सोलांज बहिणीकडून परत निघाली. लाबास्तीदला बसमधून उतरली आणि नेहमीच्या वाटेनं, नदीकाठानं चालू लागली. धुकं होतं, अंधारत आलं होतं. चार दिवसांनी ती खालच्या बंधाऱ्याशी सापडली.

चौकशी झाली तेव्हा रेमाँ म्हणाला, मी फुली लावली होती, पावसानं धुऊन गेली असेल. लोकांनी मान डोलावली. आणखी कुणीतरी म्हणालं, सोलांजला हल्ली नीट दिसतही नव्हतं. झालं, सगळं मेलेल्या बाईच्या माथी मारून आम्ही मोकळे झालो. मंडळाचा अहवाल मी लिहिला: फुली होती, पावसानं पुसट झाली असेल, तिला दिसली नाही. आपला रंग पंधरा दिवसांच्या पावसानंसुद्धा हलत नाही हे मला ठाऊक होतं, तरी लिहिला. याची मला आजही लाज वाटते. तिची मुलगी क्लेमांस तो कागद हातात घेऊन माझ्यासमोर बसली होती. "म्हणजे आईनंच बघितलं नाही," एवढंच ती म्हणाली. दोन वर्षं तिनं ते उराशी धरलं.

वाट पुढे दुरुस्त झाली. फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. पुढे रेमाँच.

आता त्या रात्रीचं. शनिवार, २ नोव्हेंबर २०२४. मृतांचा दिवस. सगळं गाव शेवंतीच्या कुंड्या घेऊन दफनभूमीत. शुक्रवारपासून नदी चढत होती आणि कड्याखालच्या वाटेवर पाणी आलं होतं. दुसऱ्या दिवशी फेरी. पुढे धावणारी चार उत्साही माणसं प्रत्येक फेरीत असतातच, ती लाबास्तीदहून सरळ खाली उतरली असती. शहराच्या टोकाची फुली लागली होती, आता तिथे हवी होती. मी रेमाँबरोबर जायला हवं होतं, जोडीनं जायचा नियम आहे. पण मी बायकोच्या थडग्यापाशी होतो. तो म्हणाला, गाडीनं जातो, अर्ध्या तासाचं काम आहे.

साडेपाचला तो लाबास्तीदला पोचला. चर्चमागे गाडी लावली. वाटेच्या तोंडाशी एक ओक आहे, तुम्ही आज पाहिलात तोच. कपाळावर दिवा बांधला, खोड खरवडलं, फुली काढली. डब्याला झाकण लावलं. मग आपला नियम असतो त्याप्रमाणे दहा पावलं मागे गेला आणि परक्या माणसासारखं वळून बघितलं.

फुली नव्हती.

त्याला वाटलं, झाड चुकलं. जवळ गेला. झाड तेच. पण खोडावर शेवाळ होतं, सगळीकडे. खरवडल्याची खूणसुद्धा नाही. हातातला ब्रश मात्र ओला, पिवळा.

त्यानं पुन्हा खरवडलं. पुन्हा रंगवली. या वेळी पाचच पावलं मागे गेला.

नव्हती.

तिसऱ्यांदा रंगवली. नजर हलवली नाही. पापणी लवली तेवढीच. शेवाळ... कोरडं, जुनं शेवाळ.

आणि खालून, पाण्याच्या बाजूनं, कुणीतरी वर येत होतं.

ओल्या बुटांचा आवाज. घाई नाही. एक पाऊल. मग थांबणं. मग एक पाऊल. रेमाँ वळला नाही. तो नंतर मला म्हणाला, मला वळताच येईना. दिव्याचा उजेड समोरच्या खोडावर पडलेला. मागे सगळा काळोख. पाऊल त्याच्या मागे येऊन थांबलं. अगदी मागे. नदीतल्या गाळाचा वास आला.

शेवटी तोच बोलला. "सोलांज, मी आलोच नव्हतो इथे. उद्या सांगतो. सगळ्यांना सांगतो."

तेव्हा पाठीवर काहीतरी गार टेकलं. उजव्या खांद्यापासून खाली डावीकडे गेलं. सावकाश. मग उचललं. मग डाव्या खांद्यापासून खाली उजवीकडे...

तो आठ वाजता माझ्या दारात उभा होता. चेहरा पांढराफटक पडला होता. हे सगळं त्यानं मला माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं, आणि दोन वर्षांपूर्वीचंही पहिल्यांदा सांगितलं. मी त्याचं जाकीट काढून दिव्याखाली उलटसुलट पाहिलं. फिकट निळं, त्याच आठवड्यात घेतलेलं, कॉलरला दुकानाच्या चिठ्ठीचा दोरा तसाच. पाठीवर काही नव्हतं. नुसतं दमट. मी म्हटलं, ऊठ, आत्ताच्या आत्ता क्लेमांसकडे जाऊ. तो खाली बघत राहिला. "फेरी होऊ दे," म्हणाला. "एवढी एक फेरी होऊ दे, फिर्मां. मग सांगतो."

मला राग आला. पण मी कुठे धुतल्या तांदळासारखा होतो? मी त्याला सूप दिलं आणि कोचावर निजवलं. परतीसाठी नदीची वाट टाळून टेकडीवरूनच यायचं ठरवलं. जाकीट शेगडीपाशी वाळत घातलं. सकाळी त्यानं ते माझ्यासमोर अंगात घातलं. पाठ स्वच्छ होती, मी मुद्दाम बघितली.

नऊ वाजता पुलाशी साठ माणसं. क्लेमांसही आली होती, आईच्या आठवणीसाठी, पहिल्यांदाच. पुढच्याच रांगेत उभी होती. रेमाँनं तिला पाहिलं. तोंड उघडलं... आणि पाणी चढलंय, सगळ्यांनी जपून चाला, एवढंच बोलला. मग वळला आणि चालू लागला.

पाच पावलं गेला. दहा गेला. मागे एकाही माणसाचा पाय हलला नाही.

त्याच्या पाठीवर फुली होती. पिवळी, दोन वीत लांब, रेघा सरळ.

तो थांबला. मागे कुणी नाही हे त्याला कळलं असावं. वळला मात्र नाही. क्लेमांस त्याच्याकडे गेली आणि तिनं नखानं ती फुली खरवडली. रंग ओला नव्हता. वाळलेला, तडकलेला, पापुद्रे सुटलेला. भेगांत शेवाळ होतं.

ती हळू आवाजात म्हणाली, "ही कधीची आहे, रेमाँ?"

खाली नदीचा आवाज येत होता.

मग तो म्हणाला, "तुझ्या आईच्या वेळची. मी लावलीच नव्हती. तिचा काही दोष नव्हता, पोरी."

क्लेमांस ओरडली नाही. पुलाच्या कठड्याला धरून खाली बसली आणि रडली. मी तिच्याजवळ जाऊन माझ्या अहवालाचंही सांगितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, अजून बघत नाही. रेमाँनं जाकीट काढून माझ्या हातात दिलं आणि नुसत्या शर्टावर घरी गेला. त्यानंतर तो कुणाच्या पुढे चाललेला नाही. पावाच्या दुकानात शिरतानासुद्धा दुसऱ्याला आधी जाऊ देतो.

जाकीट त्या कपाटात आहे. शेगडीच्या वर, अगदी कोरड्या जागी. मारीन, उघड हवं तर. दीड वर्ष झालं, पाण्याचा थेंब त्याला लागलेला नाही. बोट लावून बघ. शेवाळ अजून ओलं आहे, आणि वाढतंय.